सहावी ते आठवीचा इतिहास: ४० मिनिटांचा तास कसा बांधावा?

ताम्रपट

इतिहासाच्या अध्यापनावर बोलायला बसलं की गाडी 'विषय रंजक कसा करावा' इथे येऊन थांबते. या धाग्यात तासाच्या आखणीवर बोलूया. वयोगट ११ ते १४, वर्गात ४०-५० मुलं, हाताशी पाठ्यपुस्तक, फळा आणि झेरॉक्सचे थोडेफार कागद, एवढंच गृहीत धरलं आहे.

माझी मांडणी अशी. एका तासाला एकच प्रश्न, आणि त्या प्रश्नाला भिडणारा एकच छोटा पुरावा. प्रश्न असा हवा की पुस्तकातलं एखादं वाक्य उतरवून तो सुटणार नाही. 'कलिंगचं युद्ध कोणी जिंकलं' हा उजळणीचा प्रश्न झाला. तासाचा प्रश्न असा: अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धाबद्दलचा पश्चात्ताप आहे, दीड लाख माणसं पकडून नेली आणि एक लाख मारली गेली हे आकडे आहेत. मग खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, हा लेख का कोरलेला नाही?

यावर ४० मिनिटं कशी जातात ते सांगतो. पहिली ५ मिनिटं पुस्तकं बंद ठेवून मागच्या पाठांवरचे ५ प्रश्न. पुढची १० शिक्षकाने सांगायचं: मौर्यांचं राज्य कुठवर होतं, कलिंग कुठे आणि त्याचं मोल काय, लेख खडकावर का कोरायचे, ते वाचून कोण दाखवायचं. मग १२ मिनिटं जोडीजोडीने पुरावा वाचायचा. तेराव्या लेखातला एक उतारा, आणि त्याच्याशेजारी धौलीला त्या जागी जे वेगळे लेख आहेत त्यातला 'सर्व माणसं माझी मुलं आहेत' हा भाग, जो तिथल्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. ८ मिनिटं वर्गचर्चा आणि शेवटच्या ५ मिनिटांत प्रत्येकाने वहीत तीन वाक्यं लिहायची: मला काय वाटतं, कोणत्या ओळीवरून वाटतं, आणि अजून काय कळलं तर मत बदलेल.

या तासात हमखास येणारं उत्तर म्हणजे 'त्याला लाज वाटली'. ते चूक म्हणून खोडू नये, 'कोणत्या शब्दावरून?' एवढंच विचारावं. मुलं परत कागदाकडे वळतात आणि दोनचार जोड्या तरी 'हा लेख वेगळ्या लोकांसाठी आहे' इथवर येतात. 'जिंकलेल्या लोकांना जखमेची आठवण कशाला द्या' हेही कुणीतरी म्हणतंच. इतिहासकारही इथे अनुमानच करतात, हे शेवटी मुलांना स्पष्ट सांगावं.

तुमची आखणी कशी असते? विशेषतः वेळ कुठे गळतो, ते लिहा.

पाटीपुस्तक

वेळ गळतो पुराव्याच्या कागदावर. उतारा लांब असतो, भाषा जड असते, आणि १२ मिनिटांतली ९ शब्दांचे अर्थ सांगण्यात जातात. त्यामुळे कागद तयार करतानाच पुढची काळजी घ्यावी.

उतारा ६० ते ९० शब्दांचा. त्याहून मोठा असेल तर मधला भाग गाळून तिथे तीन टिंबं द्यावीत आणि त्यांचा अर्थ मुलांना आधी सांगून ठेवावा. कठीण शब्द चारच ठेवावेत, त्यांचे अर्थ समासात द्यावेत, बाकीचे सोप्या मराठीत बदलून घ्यावेत. ओळींना क्रमांक द्यावेत, म्हणजे चर्चेत 'चौथ्या ओळीत बघा' म्हणता येतं आणि सगळा वर्ग एकाच जागी पोचतो. अक्षर १४ पॉइंटपेक्षा बारीक नको.

उताऱ्याच्या वर, वेगळ्या चौकटीत, चार गोष्टी: कोणी लिहिलं, केव्हा, कोणासाठी, आणि घटना घडली तेव्हा लिहिणारा कुठे होता. मुलांना ही चौकट आधी वाचायची सवय लावणं हेच खरं काम. अमेरिकी शिक्षणसंशोधक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ साली ८ इतिहासकार आणि ८ शालेय विद्यार्थी यांना १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीवरची (अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात) कागदपत्रं मोठ्याने विचार करत वाचायला दिली होती. इतिहासकार आधी 'हे कोणी लिहिलंय' ते पाहत होते. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून माहिती गोळा करत सुटले होते. ही सवय आपोआप येत नाही. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे चौकट वाचून झाल्याशिवाय उतारा उलटाच ठेवायला सांगावा. आणि चौकटीवर एकच प्रश्न: 'या माणसाकडून तुम्ही काय ऐकायची अपेक्षा कराल?' अंदाज फळ्यावर लिहायचा, मग कागद सुलटा करायचा.

चुकतं कुठे? मुलं पटकन 'हा पक्षपाती आहे, म्हणून खोटा' या टोकाला जातात. सातवीत तर प्रत्येक पुराव्याला हेच उत्तर येऊ लागतं. त्यावर उपाय म्हणजे प्रश्न बदलणं. 'हा खरा की खोटा' ऐवजी 'हा कशासाठी उपयोगी आहे' असं विचारावं. राजाची स्तुती करणारा दरबारी लेख लढाईतल्या मृतांच्या आकड्यासाठी कच्चा असेल, पण राजाला आपली कोणती प्रतिमा हवी होती हे सांगायला त्याच्याइतका पक्का पुरावा नाही.

बखरवाचक

ताम्रपट, आखणी चांगली आहे, पण सांगण्याला फक्त १० मिनिटं हे मला पटत नाही. ज्याला मौर्य कोण हे धड माहीत नाही, त्याला अशोकाच्या लेखावर मत विचारलं तर तो अंदाजच करणार. पुराव्याचं वाचन ज्ञानावर उभं राहतं. हल्ली सांगणं म्हणजे कमी प्रतीचं शिकवणं असा समज पसरला आहे, आणि त्यात सर्वात जास्त नुकसान घरी पुस्तकं नसलेल्या मुलांचं होतं. त्यांना गोष्ट फक्त वर्गातच मिळते.

मात्र सांगण्याची तयारी पुरावा निवडण्याइतकीच काटेकोर हवी. २० मिनिटांच्या सांगणीत नवी नावं चारच. ती फळ्याच्या उजव्या कडेला आधीच लिहिलेली, प्रत्येकापुढे दोन शब्दांत ओळख. नकाशा समोर टांगलेला, आणि गोष्टीतला प्रत्येक माणूस कुठून कुठे जातो ते बोटाने दाखवायचं. दर ५-६ मिनिटांनी थांबा घ्यायचा आणि 'आता यांच्यापुढे काय वाट आहे?' असं विचारून जोडीदाराशी ३० सेकंद बोलू द्यायचं. सांगताना मुलांनी काही उतरवून घ्यायचं नाही. लिहिणं आणि ऐकणं एकदम करायला लावलं की दोन्ही अर्धवट होतं.

आणि अमूर्त शब्दांकडे लक्ष द्या. महसूल, वसाहत, सत्ता, संघराज्य, सनद हे शब्द आपण सहज वापरतो. मुलं ते परीक्षेत बरोबर जागी लिहितात आणि तरी अर्थ लागलेला नसतो. प्रत्येक घटकाला असे ४ ते ६ शब्द निवडून त्यांवर मुद्दाम वेळ द्यावा. 'महसूल' शिकवताना आकडे मांडा: शेतात १०० मण धान्य झालं, ४० सरकारने नेलं, २० बियाणं आणि कर्जफेडीत गेलं, उरलेल्या ४० मध्ये वर्ष काढायचं आहे. आता सरकारने नेण्याचं प्रमाण ५० केलं. आणि त्याच वर्षी पीक निम्मं आलं, पण मागणी ५० मणांचीच राहिली. तीन ओळींचं गणित झालं की 'वाढीव महसुलामुळे शेतकरी असंतुष्ट झाले' या वाक्यात जीव येतो.

ताम्रपट

बखरवाचक, मान्य. प्रत्येक तास एकाच साच्यात बसवायचा नाहीच. सहा तासांचा घटक असेल तर पहिले दोन मुख्यतः सांगणीचे, पुढचे तीन प्रश्न-पुराव्याचे आणि शेवटचा लेखनाचा, असं वाटप जमतं. पण प्रश्न पहिल्याच तासाला फळ्यावर लागावा, म्हणजे ऐकतानाही मुलं काहीतरी शोधत असतात.

कालरेषा

कोणी कालक्रमावर बोललं नाही म्हणून लिहिते. मुलांना सनावळी पाठ असते पण अंतराचा अंदाज नसतो. हडप्पा आणि अशोक त्यांच्या डोक्यात एकाच 'जुन्या काळात' राहतात.

वर्षाच्या सुरुवातीला एक दोरी करावी. लांबी १० मीटर ४० सेंटिमीटर, माप २ मिलिमीटरला १ वर्ष, म्हणजे १ मीटरला ५०० वर्षं. एक टोक इ.स.पू. ३२००, लेखनकला नुकती उगवत असतानाचा काळ, दुसरं टोक इ.स. २०००. दोरी ताणून धरायला मैदान किंवा लांब व्हरांडा लागतो. मग मुलांनी मोजून चिमटे लावायचे. २००० च्या टोकापासून मागे: भारताचं स्वातंत्र्य सुमारे साडेदहा सेंटिमीटरवर, जेम्स वॉटचं १७६९ चं वाफेच्या यंत्राचं पेटंट ४६ सेंटिमीटरवर, गुटेनबर्गचं मुद्रण साधारण १ मीटर १० वर, अशोकाचे लेख साडेचार मीटरवर. हडप्पा संस्कृतीचा बहराचा काळ, इ.स.पू. २६०० ते १९००, हा ७ मीटर ८० पासून ९ मीटर २० पर्यंतचा पट्टा. त्या पट्ट्याची लांबी १ मीटर ४० भरते, म्हणजे मुद्रणापासून २००० पर्यंतच्या अंतराहून जास्त. मुलांना सर्वात मोठा धक्का इथे बसतो. चिमटे ठिकाण सांगतात, रंगीत पट्ट्या कालावधी सांगतात. हा फरक मुद्दाम ठेवावा, नाहीतर साम्राज्यंही एका दिवसात घडून गेल्यासारखी दिसतात.

दोरी नंतर गुंडाळून ठेवावी आणि नवीन घटकाला दरवेळी बाहेर काढावी. एकदाच केलेला उपक्रम दोन महिन्यांत पुसला जातो.

दोन गणिती खाचाखोचा. शून्य साल नाही. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. त्यामुळे इ.स.पू. मधून इ.स. मध्ये येताना बेरीज करून १ वजा करायचा. रोमन सम्राट ऑगस्टसचा जन्म इ.स.पू. ६३ चा, मृत्यू इ.स. १४ चा. ६३ + १४ − १ = ७६. पण जन्म सप्टेंबरचा आणि मृत्यू ऑगस्टचा, म्हणून वयाची पूर्ण वर्षं ७५च. हे उदाहरण गणिताच्या शिक्षकांबरोबर मिळून घेतलं तर फार छान होतं. दुसरी खाच शतकांची: १८५७ हे १९ वं शतक, आणि १७०० हे १७ व्या शतकाचं शेवटचं वर्ष. रोजच्या उजळणीत यातला एक प्रश्न असू द्यावा.

चौकस

'कारणे लिहा' हा प्रश्न कसा हाताळता? मुलं पाच मुद्दे पाठ करतात, क्रमाने लिहितात, आणि एकाही मुद्द्याचा दुसऱ्याशी संबंध लावता येत नाही. १८५७ घेऊन कोणी सांगाल का?

पाटीपुस्तक

चौकस, यासाठी कारणांच्या चिठ्ठ्या करा. चौघांच्या गटाला १२ चिठ्ठ्यांचा एक संच, प्रत्येक चिठ्ठीवर एकच गोष्ट आणि माहीत असेल तिथे साल:

साताऱ्याचं राज्य खालसा, १८४८. झाशी खालसा, १८५४. अवध खालसा, १८५६. नव्या शिपायांना समुद्रापार जाणं बंधनकारक करणारा सैन्यभरतीचा कायदा, १८५६. विधवा पुनर्विवाहाचा कायदा, १८५६. गोऱ्या आणि देशी शिपायांच्या पगारातली, बढतीतली तफावत. जमीनमहसुलाचा बोजा. कारागिरांचे बुडालेले धंदे. धर्मांतराची भीती. एनफिल्ड बंदुकीची काडतुसं. बराकपूरला मंगल पांडे, २९ मार्च १८५७. मेरठला काडतुसं नाकारणाऱ्या ८५ स्वारांना शिक्षा, ९ मे १८५७.

पहिली पायरी, ७ मिनिटं: तीन ढीग. वर्षानुवर्षं साचलेलं, गेल्या दहाएक वर्षांतलं, आणि ठिणगी. काही चिठ्ठ्यांवर वाद होणारच. तो होऊ द्यावा, फक्त बाजू मांडताना सालाचा आधार मागावा.

दुसरी पायरी, १० मिनिटं: चिठ्ठ्या मोठ्या कागदावर मांडून त्यांच्यामध्ये बाण काढायचे आणि प्रत्येक बाणावर क्रियापद लिहायचं. 'मुळे' हा शब्द या तासाला बंद. फळ्यावर पर्याय द्यावेत: भर पडली, वेग आला, संशय वाढला, शक्य झालं, निमित्त मिळालं, खतपाणी मिळालं. 'धर्मांतराच्या भीतीने काडतुसांबद्दलचा संशय वाढवला' असं लिहिताना मुलाला दोन गोष्टींचं नातं ठरवावंच लागतं. इथेच एक माहिती तोंडी द्यावी: बंगाल सैन्यातले बरेच शिपाई अवधमधले होते. लगेच अवधची चिठ्ठी पगाराच्या आणि महसुलाच्या चिठ्ठ्यांशी जोडली जाते, कारण शिपाई म्हणजे गणवेशातला शेतकरी हे ध्यानात येतं.

तिसरी पायरी, ८ मिनिटं: एक चिठ्ठी काढून घ्यायची. काडतुसं आलीच नसती तर? उलट, फक्त काडतुसंच असती तर अवधचे शेतकरी आणि तालुकदार (बडे जमीनदार) का उठले असते? आणि मद्रासचं सैन्य बहुतांशी शांत का राहिलं? या तिसऱ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर या वयात मिळणार नाही, पण 'सगळीकडे सगळी कारणं सारखी नव्हती' एवढं कळलं तरी पुष्कळ.

हमखास होणारी चूक: अवध 'दत्तक वारसा नामंजूर' या धोरणाखाली गेलं असं मुलं लिहितात. अवध कारभार नीट नसल्याचं कारण देऊन घेतलं होतं, नबाब वाजिद अली शाह हयात होता. सातारा आणि झाशी दत्तक नाकारून. म्हणून या तीन चिठ्ठ्या एकाच रंगाच्या कागदावर छापू नयेत. नुसत्या रंगावरून मुलं त्यांना एका कारणाखाली टाकतात.

ताम्रपट

बाणावर क्रियापद ही सूचना उचलण्याजोगी आहे. लेखनाच्या तासाला तोच कागद समोर ठेवता येईल. परिच्छेद ५-६ वाक्यांचा: एक विधान, दोन पुरावे, प्रत्येक पुराव्यानंतर तो विधानाला कसा आधार देतो याचं एक वाक्य. मुलं पुरावा देतात आणि तिथेच थांबतात. तो जोडणारा दुवा त्यांच्याकडून वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहून घेतला की कोणाच्या वहीत तो नाही हे एका नजरेत कळतं.

मधलीसुट्टी

भूमिका वठवून घेण्याबद्दल मत काय? मुलांना ते आवडतं.

बखरवाचक

आवडतं हे खरं, पण कोणता प्रसंग घेता यावर सगळं आहे. गुलामांचा लिलाव, फाळणीचे लोंढे, अस्पृश्यतेचा अनुभव, छळछावणी हे प्रसंग वर्गात वठवून घेऊ नयेत. खऱ्या यातनेचा खेळ होतो, हशा पिकतो, आणि ज्या मुलाच्या घराशी तो इतिहास जोडलेला आहे ते मूल सगळ्यांसमोर उघडं पडतं. या विषयांना त्या माणसांचे स्वतःचे शब्द शांतपणे वाचणं हाच मार्ग. वाचायच्या आधी मुलांना कल्पना द्यावी, आणि तासाच्या शेवटी निदान ७-८ मिनिटं बोलायला राखून ठेवावीत. घंटा वाजताना असा उतारा संपवू नये.

त्याऐवजी निर्णयाचे प्रसंग घ्या. जून १६६५. पुरंदरला वेढा पडलेला, वज्रगड गेलेला, मुरारबाजी पडलेला, जयसिंगाची फौज मुलूख उद्ध्वस्त करते आहे, पावसाळा तोंडावर. मुलांना एवढीच माहिती द्यायची, आणि तीन वाटा: किल्ल्यांवरून झुंजत पाऊस काढावा, विजापूरशी हातमिळवणी करावी, की जयसिंगाशी बोलणी करावीत. प्रत्येक गटाने एक वाट निवडून तिची किंमतही लिहायची: काय जाईल, काय उरेल. मग तह सांगायचा, २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख दिला, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख राखला. त्यानंतर विचारायचं, दिलेल्यापेक्षा राखलेल्याचं महत्त्व काय? १६७० मध्ये सिंहगड आणि पुरंदर परत घेतल्याचं इथे सांगितलं तर तहाकडे पाहण्याची नजरच बदलते.

अट एकच. त्या क्षणी त्या माणसाला जे माहीत नव्हतं ते मुलांनी वापरायचं नाही. शेवट माहीत असल्यामुळे 'ते जिंकणारच होते' हे उत्तर येतं आणि निर्णयातली जोखीम नाहीशी होते. कोणी तसं बोललं तर गटातल्याच एकाने 'हे त्यांना जूनमध्ये माहीत होतं का?' असं विचारायचं, ही जबाबदारी आधी वाटून द्यावी.

कालरेषा

चित्रं आणि छायाचित्रंही पुरावाच आहेत, नुसती पानाची सजावट नव्हेत. चित्राचे चार भाग करून तीन झाकावेत, एकेक उघडत जावं. प्रत्येक वेळी दोनच रकाने: 'मला दिसतं' आणि 'मला वाटतं'. 'सैनिक आनंदात आहेत' हे दुसऱ्या रकान्यात जातं, 'दोघांनी हात वर केले आहेत' हे पहिल्यात. एवढा भेद अंगवळणी पडला की लिखित पुरावाही नीट वाचला जातो.

आठवीला सोव्हिएत छायाचित्रकार खाल्देईचं छायाचित्र घ्यावं, बर्लिनमध्ये राइशस्टागवर (जर्मन संसदेच्या इमारतीवर) सोव्हिएत झेंडा, २ मे १९४५. आधी नुसतं बघू द्यावं, मग सांगावं की प्रसिद्ध करताना एका सैनिकाच्या मनगटावरचं दुसरं घड्याळ खोडलं होतं, कारण दोन मनगटांवर दोन घड्याळं म्हणजे लुटीचा संशय. धूरही गडद केला होता. मग प्रश्न: हे छायाचित्र आता निरुपयोगी झालं का? चर्चा आपोआप 'काय लपवावंसं वाटलं' याकडे वळते.

चौकस

चर्चेत तीच पाच मुलं बोलतात. बाकीच्यांचं काय?

मधलीसुट्टी

आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे विचार करायचं सोडून देतात. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातल्या निरीक्षणात शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबत होते. तो थांबा ३ सेकंदांच्या वर नेला तर उत्तरं लांबली आणि न बोलणारी मुलं बोलू लागली. मनात तीन आकडे मोजा. अवघड प्रश्नाला आधी मिनिटभर वहीत लिहू द्या, मग विचारा. समोर लिहिलेलं असलं की लाजरं मूल निदान ते वाचून दाखवतं. आणि 'कळलं का?' हा प्रश्न पूर्ण सोडून द्या, त्याला 'हो' शिवाय उत्तर येत नाही.

पाटीपुस्तक

उजळणीच्या ५ प्रश्नांबद्दल थोडं, कारण ते सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित आहेत. दोन कालच्या पाठावरचे, दोन गेल्या आठवड्यातले, एक गेल्या महिन्यातला. उत्तर एकदोन शब्दांचं. गुण नाहीत, वहीच्या मागच्या पानावर लिहायचं, स्वतःच तपासायचं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात तोच उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून तासाच्या शेवटी सगळं येतं असं वाटलं तरी त्यावर विसंबू नये. गुण दिले की मुलं शेजारी बघतात आणि सगळा हेतूच जातो.

ताम्रपट

तपासणीचं एक उरलं. ४५ वह्यांत प्रत्येकी चार ओळी शेरा लिहायला तीन तास जातात आणि मुलं फक्त गुण बघतात. त्याऐवजी सगळ्या वह्या एकदा नुसत्या वाचाव्यात, शेजारी एक कागद ठेवून. त्यावर तीन रकाने: सर्रास आलेल्या चुका, वर्गाला वाचून दाखवण्याजोगी दोन वाक्यं, आणि ज्यांच्याशी वेगळं बोलायला हवं अशी नावं. पाऊण ते एक तास लागतो. पुढच्या तासाची पहिली १० मिनिटं त्या कागदावर. एक चूक फळ्यावर घ्यायची, नाव न सांगता, वर्गाकडून दुरुस्त करून घ्यायची, आणि मग प्रत्येकाने आपल्या वहीतला एकच परिच्छेद पुन्हा लिहायचा. अख्खं उत्तर पुन्हा लिहायला लावलं तर मुलं जुनंच उतरवतात. दुसरा खर्डा पहिल्याच्या समोरच्या पानावर हवा, म्हणून लेखनाच्या तासाला उजवं पान सुरुवातीपासून कोरं सोडायला सांगावं.